दाताच्या प्रेस केलेल्या कॅपचा रंग का बिघडतो: डेंटल लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

रंग बिघडलेली कॅप हातात आली की नवा टेक्निशियन ती ड्रॉवरमध्ये लपवतो आणि दुसरा इन्गॉट, म्हणजे सिरॅमिकची वडी, काढतो. तेच वॅक्स, तीच रिंग, तोच प्रोग्रॅम. संध्याकाळी दुसरी कॅपही तशीच निघते, आणि मग दोष इन्गॉटवर जातो, नाहीतर विजेवर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये शिकायला आलेल्या बहुतेक पोरांनी हे केलंय. मीही केलं होतं, त्यामुळे रागावत नाही. पण ड्रॉवर मात्र उघडायला लावतो.

बिघडलेली कॅप फेकू नका, घासून संपवूही नका. चूक कुठल्या पायरीवर झाली याचा एकमेव पुरावा तीच असते. आपल्याकडं गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतल्या रसाचा रंग आणि फेस बघून पाक कुठवर आला ते सांगतो. आपल्यालाही रंग असाच वाचायला शिकायचं आहे, फरक एवढाच की आपली काहिली बंद असते आणि आत काय झालं ते शेवटीच कळतं.

इथं मी लिथियम डायसिलिकेटच्या प्रेस कॅपबद्दल लिहितोय, म्हणजे ई.मॅक्स प्रेस आणि त्या जातीचं मटेरियल. काम असं चालतं: कॅपचा वॅक्सचा नमुना (वॅक्स-अप) करून त्याला स्प्रूची दांडी लावायची, रिंगमध्ये त्याभोवती इन्व्हेस्टमेंट, म्हणजे साच्याचं मटेरियल, ओतायचं, भट्टीत वॅक्स जाळून टाकायचं (बर्नआउट), आणि रिकाम्या साच्यात प्रेस फर्नेसमध्ये इन्गॉट वितळवून दाबायचा. ल्युसाइटच्या जुन्या इन्गॉटला तर्क बराचसा तोच, आकडे वेगळे. आणि आकड्यांबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवा: तुमच्या फर्नेसचा आणि तुमच्या इन्व्हेस्टमेंटचा छापील चार्ट माझ्या आकड्यापेक्षा मोठा.

आधी बघा, रंग खरंच बिघडलाय का

डिव्हेस्ट करून (साच्यातून मोकळी करून) सँडब्लास्ट केलेली कोरडी कॅप नेहमीच खडूसारखी पांढरट दिसते. खरबरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो, त्यामुळं आतला रंग दिसतच नाही. अशा कॅपला शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगांची नमुनापट्टी, लावून घाबरणारे मी खूप पाहिले. आधी तिला पाण्याचं बोट किंवा ग्लेझ लिक्विडचा पातळ थर लावा, मग बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

दुसरी गोष्ट डायची, म्हणजे कॅप बसवून बघायच्या घासलेल्या दाताच्या नमुन्याची. हे मटेरियल उजेड आरपार जाऊ देतं, म्हणून खाली जो रंग असेल तो वर येतो. पिवळ्या किंवा हिरव्या डाय स्टोनवर बसवून शेड तपासणं म्हणजे रंगीत चष्मा घालून साडी निवडणं. दातरंगी डाय मटेरियल मिळतं, डॉक्टरांनी दिलेल्या स्टंप शेडप्रमाणं (खालच्या घासलेल्या दाताच्या रंगाप्रमाणं) त्याचा डाय करा. कॅप आणि डाय यांच्यामध्ये ग्लिसरीनचा थेंब टाका, कारण मधे हवा राहिली की कॅप तोंडात दिसेल त्यापेक्षा वेगळीच दिसते.

उजेडाचंही तसंच. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दुपारी चारलाच खोलीत राखाडी अंधार होतो, आणि वीज गेली की इमर्जन्सी दिव्याचा निळा प्रकाश. त्यात शेड ठरवू नका. ५५०० ते ६५०० केल्विनचा एक चांगला दिवा टेबलावर लावून घ्या. भिंत पोपटी असेल तर मागं साधा राखाडी कागद धरा.

मग डॉक्टरांचा फोटो काढून बघा. खाली घासलेला दात कसा होता? रूट कॅनाल केलेला काळपट दात असेल किंवा आत धातूचा पोस्ट असेल, आणि वर तुम्ही एचटी किंवा एलटी, म्हणजे जास्त किंवा कमी पारदर्शक, इन्गॉटची पातळ कॅप दिली असेल, तर ती तोंडात राखाडी दिसणारच. हा फर्नेसचा दोष नाही, इन्गॉट निवडण्याचा आहे. तिथं एमओ किंवा एचओचं, म्हणजे अपारदर्शक इन्गॉटचं, कोपिंग (आतलं कवच) करून वर लेअरिंग (पोर्सेलीनचे थर) हवं होतं. स्टंप शेड लिहिलेली नसेल तर वॅक्स-अप सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. फोनवर 'अरे, ए-टू लिहिलंय की' असं उत्तर येईल. नम्रपणे सांगा, 'सर, ती कॅपची शेड झाली, मला खालच्या दाताची पाहिजे.' आणखी एक: शेडचा फोटो दात घासून झाल्यावर काढला असेल तर अर्धा तास उघडं राहून कोरडे पडलेले शेजारचे दात असतात त्यापेक्षा पांढरे दिसतात. मग आपली कॅप बरोबर असूनही दोन दिवसांनी उजळ वाटते.

हे सगळं तपासूनही रंग चुकीचाच असेल, तर पुढं चला.

कापून बघा

स्वतःला दोन प्रश्न विचारा. त्या रिंगमधल्या सगळ्याच कॅप बिघडल्या का एकच? आणि रंग वरवरचा आहे का आतपर्यंत?

एका रिंगमधल्या तिन्ही सारख्याच बिघडल्या असतील तर कारण बर्नआउट, प्रेस, फर्नेस किंवा इन्गॉट यात आहे. एकच बिघडली असेल तर ती कॅप आणि तिचा स्प्रू, तिचं फिनिशिंग, तिच्यावरचे स्टेन (वरून लावलेले रंग) बघा. पुढच्या रिंगाही तशाच येत असतील तर फर्नेसकडं वळा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डायमंड डिस्कनं मिळतं. कॅप मधोमध कापा आणि ओल्या कडेकडं भिंगातून बघा. आत शुद्ध रंग आणि वर राखाडी पापुद्रा असेल तर चूक प्रेसनंतरची, म्हणजे स्टेन आणि ग्लेझ (वरचा चकचकीत थर) यांची. आतून बाहेरपर्यंत एकसारखा मळका रंग असेल तर ती प्रेसच्या वेळची किंवा त्याआधीची. हा कट घ्यायला नव्या पोरांचा हात धजत नाही, 'वाया जाईल' म्हणतात. ती वायाच गेलेली असते, बाबा.

राखाडी

सगळ्यांत जास्त कॅप इथं बिघडतात, म्हणून इथं जरा थांबू.

आतपर्यंत राखाडी असेल तर पहिला संशय बर्नआउटवर. वॅक्स पूर्ण जळलं नाही, साच्यात कार्बन उरला, आणि त्यावर वितळलेलं काच-सिरॅमिक दाबलं गेलं. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, साच्यात घाण आणि गॅस राहिला तर कास्टिंगचं काय होतं ते तो सांगेल. आपला साचा फक्त छोटा आहे.

वॅक्सपासून सुरू करा. प्रेससाठी राख न ठेवता जळणारं वॅक्सच वापरा. मार्जिनला (कडेला) एक, बॉडीला दुसरं, स्प्रूला तिसरंच कुठलं तरी, असं करू नका. प्लास्टिकचे तयार स्प्रू आणि थ्री-डी प्रिंट केलेले रेझिन पॅटर्न वॅक्ससारखे वितळून वाहून जात नाहीत, ते फुगतात आणि हळू जळतात. त्यांच्यासाठी इन्व्हेस्टमेंटच्या कंपनीनं वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. हल्ली स्कॅनर आणि प्रिंटर आले आणि राखाडी कॅपही वाढल्या, हे माझ्या लॅबपुरतं तरी खरं आहे. पोरं पॅटर्न बदलतात, बर्नआउटचा प्रोग्रॅम बदलत नाहीत.

मग रिंग. स्पीड इन्व्हेस्टमेंटची रिंग सेट झाल्यावर ८५० अंशांच्या गरम भट्टीत थेट जाते. ती भट्टीच्या मागच्या भागात ठेवा, तोंड खाली करून थोडी तिरपी, म्हणजे वॅक्स खाली वाहील. दोनशे ग्रॅमच्या रिंगला ८५० वर किमान एक तास धरा. एकाच वेळी तीन-चार रिंगा कोंबल्या तर भट्टीचं तापमान खाली येतं आणि परत वर यायला वेळ लागतो. तो वेळ तासात मोजायचा नसतो. भट्टी पुन्हा ८५० वर आली की मग घड्याळ लावायचं. मधेच 'झालं का बघू' म्हणून दार उघडणाऱ्यालाही हे सांगून ठेवा.

आणि वीज. वळवाच्या पावसात दुपारी वीस मिनिटं वीज गेली, रिंग भट्टीत होती, वीज आल्यावर पोरानं उरलेली मिनिटं मोजून रिंग प्रेसला नेली. कॅप पंचगंगेच्या पुरासारखी मळकी निघाली. वीज जाऊन रिंग थंडावली तर ती रिंग सोडून द्या. थंड होताना तिला तडे जाण्याचीही भीती असते, मग प्रेसच्या वेळी मटेरियल तड्यात शिरतं. प्रेस फर्नेसला यूपीएस बहुतेक जण लावतात. बर्नआउट भट्टीला तो परवडत नाही, मग निदान मोठी ऑर्डर असेल त्या दिवशी रिंग सकाळी लवकर लावा.

संशय फिटत नसेल तर एक रिंग बळी द्या. टाकाऊ वॅक्स-अप इन्व्हेस्ट करा, नेहमीप्रमाणं बर्नआउट करा, बाहेर काढून हळूहळू थंड होऊ द्या आणि फोडा. आतला साचा स्वच्छ पांढरा हवा. खोलगट भागात राखाडी किंवा काळी झाक दिसली तर उत्तर मिळालं. या एका रिंगला इन्व्हेस्टमेंटचं एक पाकीट लागतं, इन्गॉट लागत नाही.

(जाता जाता: फॉस्फेट इन्व्हेस्टमेंट गरम होताना अमोनियाचा वास येतो. एक्झॉस्ट चालू ठेवा. आणि रिंग फोडताना, ब्लास्ट करताना मास्क लावा, त्या धुळीत सिलिका असते. कामाची घाई फुप्फुसाला कळत नाही.)

राखाडी रंग फक्त वरच्या थरात असेल तर बर्नआउटला दोष देऊ नका. स्टेन आणि ग्लेझमधलं लिक्विड नीट वाळण्याआधी फर्नेसचं दार बंद झालं असेल, तर सेंद्रिय भाग वर ग्लेझ बंद होण्याआधी बाहेर पडत नाही आणि आत अडकून काळवंडतो. दार बंद होण्याचा वेळ वाढवा, थर पातळ करा. पावसाळ्यात मी हा वेळ नेहमीपेक्षा एक-दोन मिनिटं जास्त ठेवतो.

तिसरी शक्यता फसवी असते. कॅप मळकी नसते, नुसती जास्त पारदर्शक झालेली असते, आणि तोंडाच्या अंधारात पारदर्शक म्हणजे राखाडीच दिसतं. प्रेसचं तापमान गरजेपेक्षा जास्त असेल किंवा धरण्याचा वेळ लांबला असेल तर असं होतं. त्याच वेळी रिअॅक्शन लेयर, म्हणजे साच्याला लागून येणारा पांढरा थर, तोही जाड येतो. दोन्ही एकत्र दिसले की तापमान तपासा.

पिवळट-हिरवट: पैंजणाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्याकडं हुपरीचा एक मुलगा शिकायला होता. घरात दोन पिढ्यांचं चांदीकाम. हात सोन्यासारखा, आणि चौकस. एका आठवड्यात माझ्या ए-वनच्या कॅप फिक्या लिंबासारख्या यायला लागल्या. इन्गॉटची बॅच बदलली, तरी तेच. बर्नआउट तपासलं, स्वच्छ. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. 'दादा, एक सांगू का, रागावू नका. फर्नेस बरोबर हाय का बघाया मी त्यात चांदी ठेवली होती.'

'कुठली चांदी?'

'पैंजणाची कडी. नऊशे साठला वितळती म्हणून वाचलं होतं. ही तर लई आधीच वितळली. म्हणून म्हणलं, फर्नेस जास्त तापतंय, सेटिंग कमी करूया.'

आता यात दोन धडे होते. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांवर वितळते, आणि त्याच गुणावर फर्नेस तपासायचे चांदीच्या तारेचे संच मिळतात, हे त्यानं बरोबर वाचलं होतं. पण पैंजणात तांबं मिसळलेलं असतं, आणि तांबं-चांदीचं मिश्रण आठशेच्या आसपासच ढिलं पडायला लागतं. म्हणजे फर्नेस बरोबर होती. त्यानं सेटिंग कमी केली असती तर उद्यापासून कॅपच्या कडा अर्धवट भरल्या असत्या. हुपरीच्या मुलाला चांदीतल्या भेसळीबद्दल मी सांगावं, यावर तो स्वतःच इतका हसला की माझा राग गेला.

दुसरा धडा कॅपच्या रंगाचा. चांदीची वाफ गरम फर्नेसच्या मफलमध्ये (आतल्या तापणाऱ्या कप्प्यात) बसते आणि पुढच्या प्रत्येक फायरिंगला थोडी थोडी सुटते. सिरॅमिकमध्ये चांदी शिरली की पिवळा रंग, तांबं असेल तर हिरवट झाक. जुन्या लॅबवाल्यांना हे पीएफएमच्या, म्हणजे धातूवर पोर्सेलीन चढवलेल्या कॅपच्या, काळापासून ठाऊक आहे. पॅलेडियम-सिल्व्हर धातूवर पोर्सेलीन लावलं की कडेला हिरवं येतं. म्हणून एकच फर्नेस धातूच्या डीगॅसिंगला (धातू आधी तापवून गॅस काढायला) आणि प्रेस कॅपच्या ग्लेझला वापरत असाल तर पिवळटपणाचं कारण शोधायला फार लांब जाऊ नका.

तपासायची सोपी रीत: पारदर्शक पोर्सेलीन पावडरचा वाटाण्याएवढा खडा करून नेहमीच्या फायरिंगला भाजा. काचेसारखा स्वच्छ आला तर फर्नेस ठीक. दुधाळ आला तर तापमान किंवा व्हॅक्यूम कमी. पिवळा आला तर मफल बाटलेली आहे. हा खडा महिन्यातून एकदा भाजून, तारीख लिहून, ओळीनं डबीत ठेवा. आमच्या डबीत ती लिंबू रंगाची गोटी अजून आहे.

उपाय म्हणजे रिकामी फर्नेस, व्हॅक्यूम चालू, कंपनीनं दिलेला सफाईचा प्रोग्रॅम, आणि तो एकदा करून भागत नाही. ग्रॅफाइटचा ठोकळा ठेवून करायची सफाईही असते, तुमच्या मॉडेलला ती चालते का ते पुस्तिकेत बघा. ट्रे आणि पिना बदला, त्यांच्यातही चांदी मुरते. मला त्या वेळी चार सफाया लागल्या. तरी रंग जात नसेल तर मफल बदलणं आलं, आणि त्याचा खर्च ऐकून पोरगं पुन्हा पैंजण काढत नाही.

काळे-पांढरे ठिपके

हे पटकन आटोपतं. ठिपका म्हणजे काहीतरी आत पडलंय. रिंग बेस काढताना चाकूनं खरवडू नका, फिरवून काढा, नाहीतर इन्व्हेस्टमेंटचे कण स्प्रूच्या भोकात जातात. अॅल्युमिनाचा प्लंजर (इन्गॉट दाबणारा दांडा) दर वेळी ब्लास्ट करून स्वच्छ करा, आधीच्या प्रेसचं सिरॅमिक त्याला चिकटलेलं राहतं. त्याला लावायची सेपरेटर पावडर चिमूटभर पुरते, उधळायची नाही. इन्गॉटचा छाप असलेला भाग वर ठेवा, म्हणजे भट्टीत घालण्याआधी शेड डोळ्यांनी वाचता येते. ए-थ्रीच्या जागी बी-थ्री गेलेला मी बघितलाय, आणि तो 'रंग बिघडला' म्हणून दोन दिवस शोधला गेलाय. धातूवर वापरलेली वाळू प्रेस कॅपवर वापरू नका, कणांबरोबर धातू येतो. कंप्रेसरच्या नळीतून तेल-पाणी येत असेल तर फिल्टर बदला, पावसाळ्यात पाण्याचा सापळा रोज रिकामा करा.

दुधाळ, खडूसारखा

ओला करूनही पांढरा पापुद्रा दिसतो, विशेषतः आतल्या बाजूला? तो रिअॅक्शन लेयर, सिरॅमिक आणि इन्व्हेस्टमेंट यांच्यात प्रेसच्या वेळी तयार होणारा थर. तो थोडाफार येणारच. पण तो राहू दिला आणि वर ग्लेझ केला तर पांढरे डाग आणि फुगे दोन्ही मिळतात.

डिव्हेस्ट करताना ५० मायक्रॉनचे ग्लास बीड्स, सुरुवातीला ४ बार, कॅप दिसू लागली की २ बार. इथं अॅल्युमिना नको. मग कॅप एक टक्क्यापेक्षा कमी हायड्रोफ्लुओरिक अॅसिड असलेल्या, यासाठीच्याच द्रावणात अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, दहा मिनिटांपासून जास्तीत जास्त तीस. बाहेर काढून वाहत्या पाण्यात धुवा, वाळवा, आणि मगच १०० मायक्रॉन अॅल्युमिनानं १ ते २ बारवर थर उडवा. न गेल्यास पुन्हा द्रावण. प्रेशर वाढवून काम लवकर उरकणाऱ्याची मार्जिन जाते.

द्रावण पातळ आहे म्हणून उघड्या हातानं चिमट्याशी खेळू नका. हे अॅसिड लागल्याचं लगेच कळत नाही, दुखणं नंतर सुरू होतं. हातमोजे, चष्मा, आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. लागलं तर धुवा, जेल लावा, दवाखान्यात जा. डब्याला झाकण हवं आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात नाव हवं, कारण झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना रसायनाचं इंग्रजी नाव काय कळणार?

थर पूर्ण काढूनही कॅप आतून दुधाळ असेल तर तीन कारणं बघा. प्रेसनंतर उरलेलं बटण (स्प्रूवर शिल्लक राहिलेलं सिरॅमिक) पुन्हा प्रेस केलं असेल, तर ते चालत नाही, कितीही शिल्लक दिसो. कॅपला करेक्शन म्हणून पाच-सहा वेळा भाजलं असेल, तर प्रत्येक फायरिंगला ती थोडी थोडी मरते. तिसरं, व्हॅक्यूम गळत असेल. फर्नेसच्या दाराच्या सीलवर इन्व्हेस्टमेंटची धूळ बसते, आठवड्याला ती पुसा. गेजवरची सुई नेहमीच्या आकड्यापर्यंत जायला जास्त वेळ घेऊ लागली की समजा.

कुणी तरी विचारेल, 'माझी कॅप जांभळी-निळी आहे, ती?' ती प्रेसची नव्हे, मिलिंगच्या ब्लॉकची आहे, आणि क्रिस्टलायझेशनची फायरिंग राहिली आहे. भाजली की दातरंगी होते.

तोंडात बसल्यानंतर

तक्रार सिमेंटिंगनंतर आली असेल तर डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी विचारा. पातळ कॅपखाली ड्युअल क्युअर रेझिन सिमेंट वापरलं असेल तर त्यातल्या अमाइनमुळं ते काळानं पिवळसर होऊ शकतं. समोरच्या दातांना लाइट क्युअर बरं. आणि चावा जुळवताना कॅप घासली, पण पॉलिश केली नाही, असं झालं का? घासलेल्या जागी ग्लेझ राहत नाही, मग चहा, तंबाखू, मिश्री तिथंच बसते आणि पेशंट म्हणतो, 'कॅपचा रंग उडाला.' फ्लुओराइडचं आम्लयुक्त जेल वारंवार लावलं तरी ग्लेझ खरबरीत होतं. डाग पॉलिशनं निघाला तर तो बाहेरचा होता. नाही निघाला तर कॅप परत मागवा आणि कापून बघा.

वही

प्रत्येक रिंगेचं एक पान. तारीख, वॅक्सचं वजन, इन्गॉटची शेड आणि बॅच, भट्टीत घातल्याची वेळ, ८५० वर परत आल्याची वेळ, प्रेसचं तापमान, वीज गेली का, कुणी केलं. शेवटी कॅप कशी आली, एका शब्दात. वजन का लिहायचं? लहान इन्गॉटला जास्तीत जास्त ०.७५ ग्रॅम वॅक्स चालतं, त्यापुढं मटेरियल कमी पडतं, आणि अर्धवट भरलेली कॅप करेक्शन पावडरनं भरून भाजणारा माणूस पुढं रंगाबद्दल तक्रार करतो.

कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. वॅक्सही बदललं, प्रोग्रॅमही बदलला, इन्गॉटही नवा घेतला आणि कॅप चांगली आली, तर कशामुळं आली ते कळत नाही, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच राखाडी कॅप टेबलावर असते.

हुपरीच्या मुलानं आता स्वतःची लॅब टाकली आहे. गेल्या महिन्यात त्यानं फोटो पाठवला, कापलेली कॅप, आत स्वच्छ, वर राखाडी. खाली लिहिलं होतं, 'दादा, स्टेन वाळला न्हवता. रिंग फोडली न्हाई.'